बाटलीचा कान

वस्तू ज्या ठिकाणी हातात धरावयाची, त्या जागेला मराठी भाषेने एकच नाव देऊन भागविलेले नाही. कपाला कान असतो, बादलीला कडी असते, विळ्याला मूठ असते, कुऱ्हाडीला दांडा असतो, जात्याला खुंटा असतो आणि नांगराला रुमणे असते. हाताला जे काम करावयाचे, ते बदलले की नावही बदलते. कप अलगद उचलावयाचा, म्हणून त्याला एकदोन बोटे जातील एवढाच कान. कुऱ्हाड डोक्यावर नेऊन जोराने घालावयाची, म्हणून तिला लांब दांडा. जाते गरगर फिरवावयाचे, म्हणून त्याला उभा खुंटा. ह्या वस्तू ज्यांनी प्रथम घडविल्या, त्यांनी वस्तूकडे पाहिले होते तितकेच हाताकडेही पाहिले होते.

ह्या मोठ्या कुटुंबात बाटलीचे मात्र एक वैगुण्य आहे. तिला तोंड आहे, गळा आहे, पोट आहे, बूड आहे. पण कान नाही.

बाटली लहान होती, तोवर त्यावाचून काही अडले नाही. औषधाची, अत्तराची, शाईची बाटली मुठीत सहज मावे. पुढे बाटल्यांतून सरबते आणि पाणी गावोगाव जाऊ लागले, आणि बाटलीचे पोट वाढत गेले. पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि कठोरही आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन लिटरच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा म्हणजे बारा किलो. कचेऱ्यांतून व घरोघर पोहोचविला जाणारा वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलोंहून अधिक ओझे. शिवाय पाणी स्वस्थ बसत नाही. पाऊल पडले की ते हिंदकळते आणि हाताला हिसका देते. अशी गोल, गुळगुळीत, ओलसर वस्तू घेऊन ज्याला जिना चढावा लागतो, त्याला कानाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

द्रव पदार्थाचे ओझे वाहण्याचा हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीन ग्रीक व रोमन लोक मद्य आणि तेल मातीच्या उंच कुंभांतून नेत असत. कुंभाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भक्कम कान असे. त्या भांड्याचे नाव ‘अँफोरा’. ‘दोन्ही बाजूंनी धरून न्यावयाचे’ हाच त्या नावाचा मूळ अर्थ. असे कुंभ गलबतांत भरून समुद्रापार धाडले जात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे १९४५ साली उत्खनन झाले, तेव्हा त्यांची खापरे सापडली; मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरही ती मिळाली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने ओझे आणि हात ह्यांचा एकत्र विचार केला होता, ह्याची ही खापरे साक्ष देतात.

महाराष्ट्रातल्या घागरीला असे कान नसतात. परंतु तिच्या घडणीतही विचार आहे. काठाखाली तिचा गळा आत घेतलेला असतो. घागर कमरेवर टेकली की हात त्या गळ्याभोवती अचूक बसतो. भार कंबर घेते, हात केवळ तोल राखतो. दुसरी घागर डोक्यावर चढते, तेव्हा तिच्याखाली कापडाची चुंबळ असते. ती नसती, तर धातूचे गोल बूड माथ्यावर एकाच ठिकाणी रुतले असते. कावडीत ओझ्याचे दोन सारखे भाग होतात आणि मधला भार खांदा उचलतो. कंबर, डोके, खांदा अशा शरीराच्या बळकट भागांवर वजन टाकावयाचे आणि नाजूक बोटांना वाचवावयाचे, ही ह्या साऱ्यांमागची युक्ती.

बोटांनाच भार उचलावा लागला, तर काय होते? बाजारातून दहा किलोंचे गाठोडे बारीक सुतळीला धरून आणणाऱ्याने घरी पोहोचल्यावर आपल्या बोटांकडे पाहावे. त्यांवर लाल वळ उमटलेले असतात. ओझे तर दहाच किलोंचे. मग एवढी वेदना का? सुतळीची रुंदी दोन मिलिमीटर आणि चार बोटांची मिळून लांबी आठ सेंटिमीटर धरली, तर सारे वजन जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर जागेवर पडते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा किलोंहून अधिक. आता त्याच सुतळीत अडीच सेंटिमीटर रुंदीचा एक गुळगुळीत लाकडी तुकडा अडकवावा. तेच वजन वीस चौरस सेंटिमीटर जागेवर पसरते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्धाच किलो येतो. गाठोडे तसूभरही हलके झालेले नसते; तरी हात म्हणतो, आता चालता येईल. बादलीच्या तारेच्या कडीवर लाकडाची किंवा प्लास्टिकची नळी चढविलेली असते, ती ह्याचसाठी.

जाडीइतकीच जागाही महत्त्वाची असते. बादलीची कडी दोन्ही बाजूंना सैल अडकविलेली असते. त्यामुळे बादली नेहमी हाताच्या बरोबर खाली लोंबते आणि मनगटाला पीळ बसत नाही. ह्याउलट, मोठ्या तांब्याला एकाच बाजूला कान लावून तो भरून उचलला, तर तांब्या खाली कलू पाहतो आणि त्याला सरळ ठेवण्याचे श्रम मनगटाला करावे लागतात. ओझे अंगापासून जितके दूर, तितके ते अधिक जड वाटते, हाही नियम येथे लागू पडतो. म्हणून कान कोठे बसवावा, हे ठरविण्यापूर्वी वस्तूचा भार कोठे आहे, हे शोधावे लागते.

ह्या विचाराचे एक उत्तम उदाहरण जर्मनीत १९३७ साली तयार झाले. सैन्यासाठी इंधन वाहून नेण्याचा वीस लिटरचा पोलादी डबा बनवावयाचा होता. त्याच्या माथ्यावर एक नव्हे, तर शेजारी शेजारी तीन दांड्या बसविण्यात आल्या. भरलेला डबा एकट्याने न्यावयाचा असेल, तर मधली दांडी धरावी. भार बरोबर मध्ये येतो. दोघांनी मिळून न्यावयाचा असेल, तर प्रत्येकाने एकेक कडेची दांडी धरावी. डबे रिकामे असतील, तर दोन डबे शेजारी ठेवून त्यांच्या लगतच्या दांड्या एका मुठीत घ्याव्यात. म्हणजे एकाच माणसाला दोन्ही हातांत मिळून चार डबे नेता येतात. माणसांची रांग करून डबे हातोहात पुढे द्यावयाचे असतील, तर देणाऱ्याने एक दांडी धरावी आणि घेणाऱ्याने दुसरी. हातात हात अडकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळत. शत्रूचा हा डबा हाती पडताच त्यांनी त्याची नक्कल केली. ब्रिटिश शिपाई जर्मनांना ‘जेरी’ म्हणत; त्यावरून डब्याचे नाव ‘जेरीकॅन’ पडले. युद्धासाठी जन्मलेली ही वस्तू पुढे प्लास्टिकची झाली. आज आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांत मुले आणि बाया तशा प्लास्टिकच्या डब्यांतूनच पिण्याचे पाणी आणतात.

मात्र चांगला कान लावला, तरी दूर अंतरावरून पाणी आणण्याचे कष्ट उरतातच. दक्षिण आफ्रिकेत १९९३ साली ह्या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने पाहिले गेले. ओझे उचललेच पाहिजे काय, असा तो विचार होता. त्यातून ‘क्यू ड्रम’ नावाचे पन्नास लिटरचे पिंप आले. मेदूवड्याप्रमाणे त्याच्या मध्यभागी आरपार भोक असते. भोकातून दोरी ओवावयाची आणि पिंप आडवे पाडून जमिनीवरून ओढीत न्यावयाचे. पन्नास किलोंचा भार जमीन पेलते. माणसाने केवळ दोरी ओढावयाची. सपाट वाटेवर लहान मुलालाही ते जमते. खडकाळ चढावर किंवा जिन्यावर मात्र पिंपाची ही युक्ती लंगडी पडते. कोणतेही साधन सर्व वाटांना पुरे पडत नाही. ज्या वाटेने जावयाचे, ती वाटही रचनाकाराला पाहावी लागते.

आता पुन्हा बाटलीकडे वळावे. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण काढून पाहिले, तर आट्यांच्या खाली गळ्याभोवती एक बारीक, टणक कडे दिसते. ते शोभेसाठी नसते. ही बाटली प्रथम जाड नळीसारखा एक लहानसा तुकडा असते. तो तापवून त्यात हवा फुंकतात आणि फुगवून बाटली करतात. त्या वेळी, आणि पुढे कारखान्यात बाटली इकडून तिकडे जाताना, यंत्र तिला ह्याच कड्याला पकडते. म्हणजे यंत्राला धरण्यासाठी बाटलीला सोय आहे. माणसाच्या हातासाठी मात्र ती ठेवलेली नाही.

ह्यालाही कारण आहे. कान बाहेर आला की बाटल्या खोक्यात दाटीवाटीने रचता येत नाहीत, प्लास्टिक अधिक लागते, खर्च वाढतो. कारखानदाराचा हा हिशेब चुकीचा नसतो, पण तो अपुरा असतो. कारखान्यात वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो बाटल्या वाहणाऱ्याच्या बोटांवर जाऊन पडतो.

परंतु यंत्रासाठी ठेवलेले ते कडे हातालाही उपयोगी पडू शकते. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने बाटलीचा कान करावयास घेतला, तर प्रारंभ येथूनच करता येईल. प्लायवूडची एक मजबूत पट्टी घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांजवळ कुलपाच्या छिद्रासारखी भोके पाडावीत. प्रत्येक भोकाचा रुंद भाग आतल्या बाजूला आणि अरुंद भाग टोकाकडे असावा. झाकण आणि कडे रुंद भागातून वर येतील आणि बाटली बाहेरच्या बाजूला सरकविली की गळा अरुंद भागात बसेल. मग पट्टी उचलताच कडे तिच्यावर अडकते आणि दोन्ही बाटल्या लोंबू लागतात. पट्टीच्या मध्यावर, झाकणांपेक्षा थोडी उंच, सुमारे तीन सेंटिमीटर जाडीची गोल मूठ बसवावी. दोन बाटल्यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे पडते आणि कावडीचा जुना न्याय येथे लहान रूपात पुन्हा प्रकट होतो.

पहिला नमुना बहुधा फसतोच. मूठ आखूड झाली, तर करंगळी बाहेर राहते. दोन भोकांतले अंतर कमी झाले, तर बाटल्या एकमेकींवर आपटतात. एकच बाटली लावली, तर पट्टी कलंडते. मग उमगते, की एका बाटलीसाठी निराळा कान हवा. कोपरे घासावयाचे राहिले, तर तळहात लगेच तक्रार करतो. अशा प्रत्येक चुकीतून दुसरा नमुना पहिल्यापेक्षा शहाणा होतो.

खरी परीक्षा पुढेच असते. करणाऱ्याच्या स्वतःच्या हातात मूठ बसली, एवढ्याने ती चांगली ठरत नाही. ती धाकट्या भावाच्या हातात देऊन पाहावी. सांधे दुखणाऱ्या आजीच्या हातात द्यावी. हात ओला करून पाहावी, जिना चढून पाहावी. आजीची बोटे पूर्ण मिटत नसतील, तर तिला जाड मूठ सोयीची होईल. धाकट्याचा पंजा इवलासा असेल, तर त्याला तीच मूठ मोठी पडेल. ह्या दोघांच्या मधला मार्ग शोधणे, हेच रचनाकाराचे काम. कागदावरच्या आकृतीला घाम येत नाही आणि वळ उमटत नाहीत. म्हणून आकृतीने कितीही होकार दिला, तरी निकाल हाताने द्यावयाचा असतो.

शहरात वीस लिटरचे जार पोहोचविणारा तरुण जार खांद्यावर घेतो, मान एका अंगाला कलती करतो आणि एका हाताने तो निसरडा गोळा सावरीत तिसरा मजला गाठतो. काही जारांच्या अंगातच खोबण करून मूठ काढलेली असते. पुष्कळांना तेवढीही नसते. वर बसून ते पाणी पिणाऱ्याला पाण्याची चव कळते, त्याचे वजन कळत नाही. ओझे ठरविणारा एक आणि वाहणारा दुसरा असला, म्हणजे कान विसरला जातो. ज्याने एकदा तरी तो जार उचलून तीन जिने चढले आहेत, तो नवा जार घडवावयास बसला, तर सर्वप्रथम त्याची मूठ कोठे असावी, हेच ठरवील.

पाण्याचे वजन कमी करणे कोणाच्या हाती नाही. एक लिटर पाणी कालही एक किलो होते आणि उद्याही राहील. परंतु ते वजन कोणाच्या बोटात किती रुतावे, हे मात्र माणसाच्या हाती आहे. त्यासाठी थोडे लाकूड, थोडे गणित आणि ओझे वाहणाऱ्याच्या तळहाताचे नीट घेतलेले माप एवढे पुरते.