बेचाळीस चेहरे आणि पंधरा मिनिटं

‘तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना? मग ग्रुप फोटो तूच काढायचा!’ मावशीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात मीटिंगमधून नुकताच बाहेर पडलो होतो. निमित्त होतं आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. मुक्काम पोस्ट अलिबाग. माणसं किती, तर बेचाळीस! ऑफिसच्या आउटिंगला पंधरा जणांना एका फ्रेममध्ये बसवताना नाकी नऊ येतात, इथे तर बेचाळीस. तेही सगळे एकमेकांचे नातेवाईक. म्हणजे कोण कोणाचं ऐकणार, सांगा!

मी आपला लगेच प्लॅनिंगला लागलो. संध्याकाळचा सोनेरी उजेड हवा, म्हणजे सूर्यास्ताची वेळ गाठायची. डिसेंबरात अलिबागला सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी बुडतो. मोबाईलवर सगळं बघून मी सर्वांच्या सोयीचा एक शनिवार ठरवला आणि आजीला फोन केला.

‘त्या दिवशी तिथी कुठली?’ आजीने विचारलं.

‘अष्टमी. का गं?’

‘आठाची पाऊणपट किती?’

‘सहा.’

‘मग सहाला भरती! फोटो काय पाण्यात उभं राहून काढणार? आणि माझे हजार चंद्र झाले म्हणून सोहळा करताय ना? मग पौर्णिमेला या की!’

मंडळी, हे गणित आपल्या कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ कळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सूर्यास्ताला समोर भलीमोठी, ओली, टणक वाळू! मी गुपचूप तारीख बदलली. दत्तजयंतीचा मुहूर्त ठरला.

गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग. दुपारी घरी पोचलो तर जेवणाच्या पंगती उठत होत्या. हॉलमध्ये तो जुना फोटो अजून तसाच आहे. १९८७ साली याच किनाऱ्यावर आजोबांनी काढलेला. एकोणीस माणसं, सगळी मावळतीकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभी. आजोबा मात्र फोटोत नाहीत. आहे ती त्यांची सावली. पाठीशी सूर्य घेऊन ते उभे होते, म्हणून ती लांबलचक पुढे वाळूवर पडलीय. लहानपणी आजी त्या सावलीवर बोट ठेवून सांगायची, ‘हे तुमचे आजोबा.’ आज तिने तेच बोट माझ्या दिशेने रोखलं. ‘तू या वेळी सावलीत जायचं नाहीस. फोटोत यायचं.’

झालं! म्हणजे ट्रायपॉड आणि टायमर आला.

साडेपाचला आम्ही समुद्रावर. समोर कुलाबा किल्ला. १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमारामुळे गाजलेला. ओहोटी असल्यामुळे लोक चालत किल्ल्यात जात होते. आमचे सहा मामेभाऊ-बहिणीही त्यांच्यातच! पावणेसहा वाजले तरी पत्ता नाही. मामा किनाऱ्यावरून हाका मारतायत, मोबाईल कुणी उचलत नाही... शेवटी एका घोडागाडीतून सगळी वरात परत आली.

मग खरा वाद सुरू झाला. मामाला मागे किल्ला हवा होता. पण किल्ला मावळतीच्या बाजूला. तिकडे पाठ केली की आकाश उजळ आणि माणसं काळी. उलट सूर्याकडे तोंड केलं की १९८७ चेच बारीक डोळे. आजीने एका वाक्यात निकाल लावला. ‘किल्ला रोज दिसतो रे. तोंडं दिसू देत.’

मामाची समजूत काढायला किल्ल्यासमोर उड्या मारणाऱ्या पोरांचा एक काळ्या आकृत्यांचा फोटो आधी काढला. धम्माल आला! मग सगळ्यांना फिरवून पश्चिमेकडे तोंड करायला लावलं आणि सूर्य बुडायची वाट बघितली.

खरी गंमत इथेच आहे. सूर्य बुडाला की लोक कॅमेरे बॅगेत टाकतात. पण त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं अख्खं पश्चिमेचं आकाश एखाद्या मोठ्या पांढऱ्या पडद्यासारखं उजेड देतं. डोळे मिचकावे लागत नाहीत, नाकाची सावली ओठांवर पडत नाही. आणि फ्लॅशचा हट्ट सोडा. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, मागच्या रांगेला त्याचा काय उपयोग?

पोरं चटईवर, आजी आणि थोरली मंडळी खुर्च्यांवर, मागे उभे, त्यांच्या मागे बाकड्यांवर उंच उभे. अशा चार रांगा. ट्रायपॉड डोळ्यांच्या वर, ओल्या टणक वाळूवर. ॲपर्चर एफ ८, म्हणजे सगळ्या रांगा स्पष्ट. शटर १/१२५, कारण पोरं हलणारच. आयएसओ ८००, अंधारत गेलं की १६००. फोकस दुसऱ्या रांगेवर धरून तिथेच लॉक केला. टायमर दहा सेकंदांचा, एकापाठोपाठ नऊ फोटो. बेचाळीस जणांत कुणीतरी डोळे मिटणारच, म्हणून एका फोटोवर कधी थांबायचं नाही.

बटण दाबलं आणि धावलो. पहिल्या खेपेला वाळूत चप्पल रुतली. दुसऱ्या खेपेला धाकटी भाची रडायला लागली. तिसऱ्या खेपेला उजेड निळसर व्हायला लागला होता. सगळे ओरडत होते, ‘पळ, पळ!’ आणि मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशा अवस्थेत डाव्या टोकाला पोचलो. खट्, खट्, खट्...

रात्री अंगणात चांदणं पडलं होतं. आजीला लॅपटॉपवर फोटो दाखवला. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक चेहरा मोजला. एकेचाळीसवर येऊन थांबली.

‘तू कुठायस?’

मी टोकाला बोट दाखवलं. केस उडालेले, तोंड उघडं, एक पाय हवेत.

‘असू दे,’ आजी म्हणाली. ‘बेचाळीस.’