काचेच्या देठातली तार

बल्ब गेला की लोक आधी वरची तार तुटली का ते बघतात. माझी नजर खाली जाते, काचेच्या देठात, जिथून दोन तारा आत शिरतात.

ती तार एकसंध दिसते, पण असते तीन तुकड्यांची. बाहेरचा तुकडा तांब्याचा, आतला निकेलचा, आणि त्याच्या टोकाला टंगस्टन चिमटलेलं. मधला ड्युमेट, म्हणजे 42 टक्के निकेलच्या लोखंडी गाभ्यावर तांब्याचं आवरण. त्याचं काम काचेशी जमवून घ्यायचं. दोघं तापून जवळपास सारखीच फुगतात, म्हणून फटीतून हवा शिरत नाही. 5 ऑगस्ट 1905 ला शिवनसमुद्रच्या विजेवर बेंगळुरूच्या रस्त्यावर दिवे लागले, त्या काळच्या बल्बांत या जागी महागडं प्लॅटिनम असे. आताचा साधा पिवळा बल्ब उजेडाकडे धरा, देठात विटकरी रंग दिसेल. तांब्याचं ऑक्साइड काचेत मुरलेलं असतं ते. काळपट दिसला तर त्या बल्बचा मला भरवसा नाही.

तुकड्यांचे हे सांधे कारखान्यात यंत्रच मारतं. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटपासून जवळच्या गल्लीत, माझ्या पायडलच्या स्पॉट वेल्डिंग मशीनवर येतात ते खास दिव्यांचे आधार, पट्ट्या, कंस. निकेल गुणी, लगेच धरतं. तांबं मात्र वीज आणि उष्णता दोन्ही पळवून नेतं. त्यासाठी मशीनला टंगस्टनची टोकं लावावी लागतात.

नवा पोरगा हटकून टोकं घट्ट दाबतो. त्याला वाटतं, जोर जास्त म्हणजे सांधा पक्का. खरं तर सांधा तापतो तो दोन पत्र्यांमधल्या अडथळ्यामुळे. फार दाबलं की अडथळाच जातो आणि वरवर चिकटलेला, आतून कच्चा सांधा हातात येतो. कमी दाबलं तर ठिणग्या उडून भोक पडतं. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट, त्यामुळे करंटची मूठ मी कुणाला सहज फिरवू देत नाही. आमचे उस्ताद दख्खनीत ओरडायचे, मी मनात मराठीत शिव्या घालायचो, पण हात त्यांनीच बसवला.

आधारांसाठी येणाऱ्या मॉलिब्डेनमचा सगळा खेळ वेळेचा. वीज आपल्याकडे 50 हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. निकेलला चार-दोन आवर्तनं जास्त गेली तरी चालतात. मॉलिब्डेनम तेवढ्यात रटरटून शिजलेल्या भातासारखं होतं: दाणे मोठे, पकड नाही. वाकवलं की काडकन मोडतं. म्हणून प्रत्येक लॉटमधले काही सांधे मी पक्कडीने उपटून बघतो. पत्रा फाटून गोळी निघाली तर पास, नुसता सुटून आला तर मशीन थांबवायचं. गिऱ्हाइकाला हा माल फुकट गेल्यासारखा वाटतो. वाटू दे.

एलईडी आल्यावर हे काम संपणार असं सगळे म्हणत होते. मग फिलामेंटसारखा दिसणारा एलईडी बल्ब आला, आणि त्याच्या पोटात पुन्हा तोच देठ, तशाच तारा. फरक एवढाच, की आता एलईडीच्या पट्टीच्या धातूच्या टोकाला स्पॉट मारताना शेजारचा पिवळा लेप करपू द्यायचा नाही. करंट थोडा उतरवला की जमतं.