कुत्रे रडले म्हणून

दोन वर्षांपूर्वी अमरावतीला कामानिमित्त गेलो असता मुलीच्या आग्रहाखातर तेथील एका प्राणी निवाऱ्यात डोकावलो. परत येताना एक कुत्रा सोबत होता. एक डोळा निळा, दुसरा तपकिरी, ताठ कान, अंगभर दाट केस. हस्की आणि गावठी यांची ही मिश्र संतती. कोणा हौशी माणसाने पिलू म्हणून घेतला आणि वर्षभरात आवरेना म्हणून सोडून दिला. निवाऱ्यात पैसा घेतला नाही. फक्त विचारले, "याला रोज पळवणार कोण?" मुलगी म्हणाली, "मी आणि बाबा." मी नुसती मान हलवली. ती मान हलवणे किती महाग पडणार, हे तेव्हा कळले नाही.

तेल्हाऱ्यात पोचताच वस्तीत प्रश्न सुरू झाले. "बावा, हे कुत्रं हाय का लांडगा?" आठ दिवसांत त्याने कूलरच्या ताट्या फाडल्या, अंगणात खड्डे खणले, दोनदा भिंत ओलांडून पळाला. मुलीने नाव ठेवले, वादळ. त्याचा दोष नव्हता. सैबेरियातील चुकची लोकांनी बर्फावर घसरगाडी ओढण्यासाठी ही जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली. धावण्यासाठी घडलेले जनावर साखळीला बांधले तर ते घर मोडणारच. म्हणून पहाटे साडेचारला उठून आकोट रस्त्याने तासभर पळवणे सुरू केले. आयुष्यात न सुटलेला माझा आळस त्याने सोडवला.

उन्हाळा हीच खरी चिंता होती. आपल्या अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, केस काढून टाका. पशुवैद्यकांनी मनाई केली. ते दाट केस उन्हाचा चटकाही अडवतात, म्हणून भादरायचे नाहीत, फक्त विंचरायचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड ठेवतो. म्हणून दिवसा घरात कूलरसमोर, सावलीत पाणी भरलेले टोपले, आणि सूर्य वर आला की फिरणे बंद. कांदा घातलेली भाजी त्याला विषासमान, हेही तेव्हाच कळले. दरवर्षी रेबीजची लस ठरलेली.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. हस्की भुंकतो कमी, लांब सूर काढून ओरडतो जास्त. १०८ ची गाडी भोंगा वाजवत गेली की वादळ मान वर करून तसाच सूर लावी. गेल्या पावसाळ्यात माझी आई न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत तो रात्री दोनदा ओरडला. सकाळी चार बायाबापड्या दारात. "कुत्रं रडते ते घरचं मानूस घेऊन जाते. सोडून या त्याले."

वाचकहो, खरे सांगतो. अंधश्रद्धेवर मी गावोगावी बोललो आहे. पण त्या रात्री आईची धाप ऐकत बसलो असताना वादळने सूर काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. सकाळी निवाऱ्याला फोन करावा, असेही मनात आले. मुलीने ओळखले. तिने शाळेत वाचलेली गोष्ट आजीला मोठ्याने सांगितली, मला ऐकू जावी म्हणून. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली. बर्फामुळे वाट बंद. तेव्हा २० गाडीवानांनी सुमारे १५० कुत्र्यांच्या बळावर हजार किलोमीटरहून अधिक अंतर साडेपाच दिवसांत तोडून औषध पोचवले. शेवटच्या टप्प्यातील बाल्टो हा कुत्रा हस्कीच होता.

आई खोकत म्हणाली, "म्हंजे याच्या जातीनं लेकरं वाचवली. मंग मले कायले नेईन? मले डॉक्टरकडं ने."

मी फोन केला नाही. आईला अकोल्याला नेले. औषधोपचाराने दहा दिवसांत ती उठून बसली. ती औषधाने उठली, कुत्र्याच्या पुण्याईने नव्हे, हेही मी वस्तीत आवर्जून सांगतो. नाहीतर एक अंधश्रद्धा काढून दुसरी बसायची.

दिवाळीनंतर गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. बरेच दिवस आजारी होते. त्या रात्री वादळ गाढ झोपला होता. कोणी काही बोलले नाही. पण त्यानंतर दारात तक्रार आली नाही.

बंधू-भगिनींनो, देखणे म्हणून असले जनावर विकत घेऊ नका. आपल्या उन्हात त्याचे हाल होतात, मग ते निवाऱ्यात जाते. घ्यायचेच असेल तर निवाऱ्यातले घ्या, आणि रोज पहाटे उठण्याची तयारी असेल तरच घ्या.

आता आईच त्याचे टोपले भरते. भोंगा वाजला की ती खाटेवरून म्हणते, "गाय रे बापा, तुझ्या सुराले कोनी भेत नाही आता."