किल्ली ज्याच्या हाती

गेलेल्या माणसाचं घर सांभाळणं हे आमच्या वकिलीतलं सगळ्यात नाजूक काम. मृत्युपत्रात ज्याला एक्झिक्युटर नेमलेलं असतं, त्याच्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २११ प्रमाणे मृताची मालमत्ता येते, ती केवळ प्रतिनिधी म्हणून. किल्ली त्याची, घर मात्र लाभार्थ्यांचं.

प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, अर्ज कोर्टात असतो, पण घराचे खर्च थांबत नाहीत. मेन्टेनन्सचं बिल येतं, मालमत्ता कराची मुदत येते, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. हे सारं इस्टेटीच्या पैशातून भागवायचं आणि पावती जपायची. प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टाला द्यावा लागतो.

दादरच्या एका फ्लॅटचं काम माझ्याकडे होतं. मुलगी ठाण्याला, मुलगा परदेशात. कुलूप उघडलं तेव्हा ताई समोर होत्या आणि दादा व्हिडिओ कॉलवर. एकेक वस्तू लिहीत गेलो: विजेच्या मीटरचं रीडिंग, कपाटाच्या किल्ल्या, माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ, फाइलमधलं शेअर सर्टिफिकेट. ताई म्हणाल्या, “देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नेऊ का? पूजा खंडली आहे.” दादांनी लगेच होकार दिला. तरीही मी यादीत तशी ओळ लिहिली, ताईंची सही घेतली आणि दादांची संमती ईमेलवर मागवली. देवासाठी सही करताना ताईंना वाईट वाटलं. पण त्या ओळीमुळेच बहीणभावांत पुढे त्यावरून ब्रही निघाला नाही.

सोसायटीत नॉमिनी दादा होते, म्हणून घर आपलंच असं त्यांना वाटे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते; घर कोणाचं, हे मृत्युपत्रावरून ठरतं, हे त्यांना शांतपणे समजावलं. नातलगांपैकी कुणी ‘महिनाभर राहतो’ म्हणालं, तर त्यालाही नाही म्हणावं लागतं. आधी मृताची देणी, मग वाटप, हा क्रम मोडायचा नाही.

या कामात हुशारीपेक्षा निःपक्षपातीपणा आणि टिपणवही जास्त उपयोगी पडते. मृत्युपत्र करणाऱ्यांना माझी विनंती आहे: एक्झिक्युटर म्हणून ज्याचं नाव घालणार, त्याला आधी विचारा. आणि घराचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, कर्जाचे कागद कुठे ठेवलेत, ते त्याला आजच दाखवून ठेवा.