दोन तबकड्या आणि एक झेल



आपल्या मासिकात कोकणातल्या गावांच्या, मलिद्याच्या आणि पुरणाच्या करंज्यांच्या आठवणी नेहमी येतात व आम्ही त्या आवडीने वाचतो. आज मात्र आम्ही दोन अमेरिकन रॉक तबकड्यांविषयी लिहिणार आहोत. नवल वाटून घेऊ नका. 2023 साली निघालेल्या तबकड्यांपैकी आमच्या घरात सर्वांत जास्त वाजल्या त्या ह्याच.

आम्ही दोघे नवराबायको 1984 साली मुंबईहून न्यू जर्सीत आलो. आमच्यापैकी एकीने इथल्या इस्पितळात तीस वर्षे नर्सची नोकरी केली, दुसऱ्याने एका कचेरीत हिशेब लिहिले. आता दोघेही निवृत्त आहोत. सुट्टीत नातू आमच्याकडे असतो. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याला जुन्या पद्धतीच्या काळ्या तबकड्यांचा नाद; पण वाजवायचे यंत्र त्याच्या घरी नाही. आमच्याकडे आहे, कारण लता आणि रफी आम्ही टाकून दिले नाहीत.

त्याने आणलेली पहिली तबकडी ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’. वादकमंडळाचे नाव ‘यो ला तेंगो’. आम्ही ह्या राज्यात पाऊल टाकले त्याच साली हे मंडळ इथल्याच होबोकन गावात सुरू झाले. आयरा कॅप्लन गिटार वाजवतात, त्यांच्या पत्नी जॉर्जिया हबली ड्रम वाजवतात, आणि जेम्स मॅकन्यू बास. मोठ्या कंपन्यांची मर्जी न पाहता आपल्या मनाची गाणी करणाऱ्या अशा लोकांच्या संगीताला ‘इंडी रॉक’ म्हणतात. तबकडीत नऊ गाणी आहेत. पहिल्याच गाण्याच्या नावात होबोकनचा नदीकाठचा रस्ता आहे. त्यातली गिटार प्रथम आम्हाला लाकूड कापायच्या करवतीसारखी वाटली. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र त्या गोंगाटाच्या खाली एक शांत ठेका चालला आहे हे ध्यानात आले. जॉर्जियाबाई हलक्या आवाजात गातात तेव्हा तर रात्रपाळीतला वॉर्ड आठवतो.

नातवाने विचारले, “आजी, नावाचा अर्थ ठाऊक आहे?” आम्ही म्हटले, “ठाऊक आहे. ‘माझ्याकडे आहे’, ‘मी घेतला’.” तो चाट पडला. अरे, छातीवर हात ठेवून ‘तेंगो दोलोर’, म्हणजे ‘मला दुखते आहे’, असे सांगणारे स्पॅनिशभाषी रोगी तीस वर्षे पाहिले. तेवढे स्पॅनिश येणारच!

मग त्याने त्या नावाची कथा सांगितली. 1962 साली न्यूयॉर्क मेट्स हा बेसबॉलचा नवा संघ निघाला आणि पहिल्याच वर्षी 120 सामने हरला. मधल्या मैदानात रिची ॲशबर्न होता, आणि शॉर्टस्टॉपच्या जागी व्हेनेझुएलाचा एलियो चाकोन, ज्याला इंग्रजी येत नव्हते. उंच चेंडू उडाला की दोघेही धावत आणि आदळत. म्हणून ॲशबर्न ‘यो ला तेंगो’ म्हणायला शिकला. पुढच्या वेळी तो ओरडला, चाकोन जागच्या जागी थांबला, आणि डावीकडून आलेला फ्रँक थॉमस सरळ ॲशबर्नवर येऊन आदळला. त्याला स्पॅनिश कुठे येत होते?

आम्ही खूप हसलो. नातू मात्र हसला नाही.

वाचकहो, त्याचे कारण असे. त्याच महिन्यात आमच्या यजमानांच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया ठरली होती. मुलाला घाबरवू नये म्हणून आम्ही सगळे बोलणे त्याच्यासमोर, पण मराठीत करीत होतो. त्याच्या बापाच्या लहानपणीही आम्ही हेच केले: मुलांना कळू नये ते मराठीत. नातू खाली मान घालून म्हणाला, “मला तुमचे तीन शब्द कळतात. ऑपरेशन, ऑगस्ट, आणि ‘सांगू नको’. तिसरा तुम्ही नेहमी माझ्याकडे बघून म्हणता.”

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. आमची मराठी मुलांना आली नाही म्हणून आम्ही सिनेगॉगमधल्या ओळखीच्यांजवळ चाळीस वर्षे हळहळत आलो. पण घरात ती कुलपासारखी आम्हीच वापरली होती. त्या रात्री यजमानांनी त्याला कागदावर हृदयाचे चित्र काढून सर्व समजावले. पायातली शीर काढून कुठे जोडतात तेही सांगितले. त्याने शहाण्यासारखे प्रश्न विचारले.

दुसरी तबकडी 30 जून 2023 रोजी निघालेली, ‘द बेसबॉल प्रोजेक्ट’ची ‘ग्रँड सलामी टाइम’. हे मंडळ केवळ बेसबॉलवर गाणी करते. आर.ई.एम. ह्या प्रसिद्ध मंडळातले पीटर बक आणि माइक मिल्स त्यात आहेत, स्कॉट मॅककॉई आहेत, आणि इथेही नवराबायको: स्टीव्ह विन गिटारवर, लिंडा पिटमन ड्रमवर. तिन्ही तळांवर गडी उभे असताना होमरन बसला की एकदम चार धावा होतात. ती ‘ग्रँड सलामी’. सिएटलचे समालोचक डेव्ह नीहाउस अशा वेळी आजीबाईंना राय पाव आणि मोहरी काढायला सांगत. आजीची आठवण ठेवणारा समालोचक आम्हाला फार आवडला!

त्यात ‘यिप्स’वर एक गाणे आहे. पटाईत खेळाडूचा हात एके दिवशी साधी फेक विसरतो, त्याला यिप्स म्हणतात. असेच एकदा आमच्यापैकी एकीला सकाळभर एकाही रोग्याची शीर सापडेना. वीस वर्षांचा हात! तेव्हाही आम्ही कोणाला सांगितले नव्हते. नातवाला सांगितले.

ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया नीट पार पडली. देवाची कृपा.

डिसेंबरात हनुक्का आला. ‘यो ला तेंगो’ 2001 सालापासून हनुक्काच्या आठ रात्री कार्यक्रम करतात आणि मिळकत दानधर्माला देतात. प्रथम होबोकनच्या मॅक्सवेल्समध्ये करीत, 2017 पासून न्यूयॉर्कच्या बॉवरी बॉलरूममध्ये. आमच्या गुडघ्यांना तिथे उभे राहणे झेपणारे नव्हते. आम्ही घरीच दिवे लावले आणि तबकडी लावली. आपल्या पूर्वजांना कोकणात हनुक्का ठाऊकच नव्हता, तो आपल्याला मागाहून कोणीतरी सांगितला, हेही त्या रात्री नातवाला सांगितले.

त्याने विचारले, “झेल घेताना मराठीत काय ओरडतात?” यजमान म्हणाले, “माझगावच्या गल्लीत आम्ही ‘माझा!’ म्हणून ओरडायचो.” आता तो जड पिशवी आजोबांच्या हातून घेताना ‘माझा!’ म्हणतो. उच्चार अजून कच्चा आहे. रोज एक शब्द, असे आम्ही ठरवले आहे, आणि ‘सांगू नको’ हा शब्द घरातून काढून टाकला आहे.

तुमच्याही घरी असे काही मराठीत झाकून ठेवलेले असेल, तर मुलांना सांगा. त्यांना अर्धे कळलेले असतेच.