चाकांवरचा संडास

मंडळी, शीर्षक वाचून नाक मुरडू नका. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कुणी "चला फिरायला" म्हटलं की तिच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो, सांगू? तिथं बघायला काय आहे, हा नव्हे. वाटेत संडास कुठं आहे, हा! आणि असला तर कमोड आहे का, हा दुसरा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मला उकिडवं बसता येत नाही. कितीतरी लग्नं आणि बारशी मी घरूनच आशीर्वाद देऊन उरकली आहेत.

प्रश्न तसा जुनाच. 1973 साली मी मास्तरीण झाले तेव्हा आमच्या खेड्यातल्या शाळेत बायांसाठी साधा आडोसाही नव्हता. सकाळी घर सोडायचं ते संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी बेतानंच प्यायचं. ती सवय इतकी मुरली की आजही प्रवासात बाटलीचं झाकण उघडायला मन धजत नाही. माझ्या वयाच्या बहुतेक शिक्षिका हेच सांगतील.

भाच्याला हे ठाऊक. म्हणून या हिवाळ्यात तो नागपुरातून चक्क कॅरव्हॅन भाड्यानं घेऊन भंडाऱ्याला आला. आपल्या सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या फिरत्या घराचं नाव कानावर होतं. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढ्या जागेत छानसा कमोड. बेत ठरला: पवनीचे घाट, गोसेखुर्द धरण, मग साकोलीवरून नागझिरा.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी फ्लशचं बटण दाबलं तर काही नाही! ना पाणी, ना आवाज. गाडीवाल्यांचा फोन कुणी उचलेना. भाचा म्हणाला, "आत्या, बादलीनं पाणी टाकू ना." अरे बाबा, त्या एवढ्याशा जागेत मी स्वतःला सावरू की बादलीला?

मग आम्ही तिघं कामाला लागलो. मी, भाचा आणि गाडीचा ड्रायव्हर. मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, विजेचं मला काय कळणार! पण सोपं आधी तपासायचं आणि अवघड नंतर, हे कुठल्याही विषयात चालतं. आधी टाकीत पाणी आहे का पाहिलं. होतं. बेसिनच्या नळाला पाणी येत होतं. बॅटरीचा मेन स्विच चालू होता आणि आतले दिवेही लागत होते. (या गाडीतले दिवे आणि पंप बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालतात.)

मग पुन्हा बटण दाबून कान लावला. इथंच निम्मा उलगडा होतो बघा. मोटरची घरघर ऐकू येते पण पाणी येत नाही, तर दोष पाण्याच्या वाटेत. जाळीत कचरा किंवा नळीत हवा. आणि घरघरच नाही, तर वीज पोचत नाही. आमच्याकडे शुकशुकाट होता. ड्रायव्हरनं मोटरसायकलचा छोटा बल्ब दोन वायरींना जोडून आणला आणि एकेक टोक तपासत गेला. "बाई, करंट इथंवरच येऊन राहिला, पुढं जाऊन नाही राहिला," तो म्हणाला. गाडीच्या बाहेरच्या अंगाला संडासाचं छोटं दार असतं. त्याच्या आत, एका कोपऱ्यात फ्यूज बसवलेला. तो काढला तर आतली तार तुटलेली, आणि तो ज्या पकडीत बसतो तिला ओलीमुळे हिरवट गंज चढलेला. पितळेच्या भांड्यांच्या गावात जन्म गेला आमचा, तो हिरवा रंग मी लगेच ओळखला!

भाचा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवायला निघाला होता. मी हात धरला. फ्यूज मुद्दामच कमजोर ठेवलेला असतो, वायर जळण्याआधी त्यानं जळावं म्हणून. त्याला चांदी गुंडाळणं म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणं. मेन स्विच बंद करून पकड पॉलिश पेपरनं घासली, कोपऱ्यावरच्या दुकानातून तितक्याच अँपिअरचा फ्यूज आणला. बटण दाबलं, घरघर झाली, पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पवनीला जाताना मी तांब्याभर पाणी प्यायले. भर प्रवासात! असो.

पण खरी परीक्षा पुढंच होती. घरचा फ्लश ओढला की आपल्यापुरता विषय संपतो. या गाडीत तो संपत नाही. कमोडखाली सुटकेसएवढी टाकी असते, साधारण 18-20 लिटरची. ती भरली की बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि नेऊन ओतायची. दोन दिवसांनी तिचा लाल दिवा लागला. भाच्यानं सहज ड्रायव्हरकडे पाहिलं. त्या पोराची मान खाली गेली.

मंडळी, त्या एका नजरेत आपला केवढा इतिहास आहे! माझ्या लहानपणी टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून डोक्यावर टोपली घेऊन एक बाई यायची. तिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. असलं काम माणसाकडून करून घ्यायला बंदी करणारा कायदा व्हायला 1993 साल उजाडलं, आणि 2013 साली आणखी कडक कायदा करावा लागला. मी वर्गात अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगायची. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतलं, ते मिळेना म्हणून अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. मुलांना ही गोष्ट विचित्र वाटायची. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपास?

मी भाच्याला म्हटलं, "गाडी चालवायला आणलंय त्याला. हे आपलं आहे, आपणच उचलायचं." त्यानं टाकी उचलली, मी काठी टेकत झाकण धरायला गेले. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून तिथल्या संडासात ओतली, धुतली, परत बसवली. दहा मिनिटांचं काम. नाल्यात किंवा जंगलात ओतायची मात्र नाही.

आईवडिलांना अशा गाडीतून कुणी नेणार असाल तर निघण्याआधी बटण दाबून बघा, दोन जास्तीचे फ्यूज जवळ ठेवा, आणि टाकी कोण रिकामी करणार हे घरातल्या घरातच ठरवा. ड्रायव्हरला त्या यादीत धरू नका.