इंग्रजी क्रियापदाचे शेपूट आणि अम्मीची बोली

आपल्या घरांत इंग्रजीची भीती दोन प्रकारची असते. मुलांना परीक्षेची भीती असते आणि आयांना मुलांची. पहिल्या भीतीवर उपाय म्हणून आपण क्लास लावतो, गाइड आणतो. दुसरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मुलगी सातवी-आठवीत गेली की आई तिची इंग्रजीची वही उघडायचे सोडून देते. “आम्हाला कुठं येतं ते,” असे म्हणून ती स्वयंपाकघरात जाते. मुलगीही मग मानून चालते की अभ्यासातले अम्मीला काही कळत नाही. आज इंग्रजीत, उद्या गणितात, परवा कुठे जायचे आणि कुणाबरोबर जायचे यातही अम्मीला काही कळत नाही, इथपर्यंत ही गोष्ट जाते.

आम्ही पावण्यात राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला हा एमआयडीसीचा भाग. मूळ गाव आगरी मंडळींचे. कारखाने आले तसे कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून कामगार आले. आमच्याच गल्लीत कोणाच्या घरी कोकणी बोलतात, कोणाच्या घरी दखनी, कोणाच्या घरी अवधी. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. संध्याकाळी असर ते मगरिब शेजारची सात-आठ मुले वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि तेव्हा इंग्रजीही हाताळावेच लागते. या मुलांना सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट कोणती, तर ‘फ्रेझल व्हर्ब’.

क्रियापद एक, त्याला मागे एक लहानसा शब्द जोडला की अर्थच पालटतो. मुलांनी त्याला ‘शेपूट’ असे नाव ठेवले आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे का नाही? ‘लुक’ म्हणजे पाहणे. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे आणि ‘लुक डाऊन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. पन्नास क्रियापदांची यादी पाठ करून मुले येतात आणि परीक्षेत ‘पुट ऑफ’च्या जागी ‘पुट आऊट’ लिहितात. सभा पुढे ढकलायची, ती विझवून टाकतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधीच्या कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. तरीही आपली बरीच शिकलेली माणसे इंग्रजीत अर्ज नीट लिहितात, पण समोरचा माणूस बोलू लागला की अडखळतात. याचे एक कारण या शेपटांत आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात आणि पुढे कचेरीत फ्रेंच आली, धर्माच्या आणि विद्येच्या कामात लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला बहुतेकदा दोन शब्द आहेत. कागदावर ‘पोस्टपोन’, घरात ‘पुट ऑफ’. कागदावर ‘टॉलरेट’, घरात ‘पुट अप विथ’. कागदावर ‘एक्स्टिंग्विश’, घरात ‘पुट आऊट’. आपण शाळेत कागदाची इंग्रजी शिकतो, घरची शिकत नाही. आपल्याकडेही हेच आहे. नोटिशीत सभा ‘स्थगित’ किंवा ‘मुलतवी’ होते, घरात आपण ती ‘पुढे ढकलतो’. उर्दूत लिहिताना ‘मुल्तवी करना’, बोलताना ‘टाल देना’. म्हणजे फ्रेझल व्हर्ब ही इंग्रजांची घरची, चुलीपाशची बोली आहे. हे नावसुद्धा जुने नाही. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि पुढे ते रूढ झाले. बोली मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे.

घरची बोली शिकायची तर घरच्या बोलीतूनच शिकावी, हे मला एका आईमुळे नीट दिसले.

नववीतली एक मुलगी माझ्याकडे येते. इंग्रजी माध्यमात आहे, हुशार आहे. एकदा तिची अम्मी तिला न्यायला आली आणि दारात उभी राहून विचारू लागली, “आज काय शिकलीस?” मुलगी म्हणाली, “तुला सांगून काय उपयोग? तुला थोडंच कळणार आहे.” अम्मी काही बोलली नाही. ओढणी सावरून चपला घालू लागली. मी तिला आत बसवले आणि विचारले, “भाभी, सकाळी हिला दूध देता तेव्हा काय म्हणता? ‘पी’ म्हणता, ‘पिऊन घे’ म्हणता की ‘पिऊन टाक’ म्हणता?”

ती हसली. म्हणाली, “तिन्ही म्हणते, टीचर. पण तीन वेळेला.”

“फरक काय?”

क्षणभर विचार करून ती म्हणाली, “‘पी’ म्हणजे नुसतं पी. ‘पिऊन घे’ म्हणजे तुझ्याच भल्याचं आहे, पुढे वेळ मिळणार नाही. ‘पिऊन टाक’ म्हणजे किती वेळ ग्लास धरून बसलीस, संपव एकदाचं.”

वहीत ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रिंक अप’ असे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेले होते आणि मुलीला त्यातला फरक सांगता येत नव्हता. तिने वहीकडे पाहिले, मग अम्मीकडे पाहिले. “म्हणजे ‘ड्रिंक अप’ म्हणजे ‘पिऊन टाक’?” हो, तेच. ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’, ‘यूज अप’ म्हणजे ‘वापरून टाक’. इथे ‘अप’चा वर-खालीशी काही संबंध नाही. काम पूर्ण झाले, मागे काही उरले नाही, एवढेच ते सांगते. आपल्याकडे हे काम ‘टाकणे’ करते.

मराठीत आणि उर्दूत आपण क्रियापदाच्या मागे शेपूट लावतो ते दुसऱ्या क्रियापदाचे. व्याकरणात त्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. त्या दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ पुसट होतो. ‘खाऊन टाक’मध्ये कोणी काही फेकत नाही, ‘बैठ जाओ’मध्ये कोणी कुठे जात नाही. इंग्रजीतल्या ‘अप’चे हेच होते.

त्या दिवसापासून आम्ही वहीची मांडणी बदलली. क्रियापदानुसार यादी करायची नाही, शेपटानुसार पाने करायची. एक पान ‘आऊट’चे. ‘फाइंड आऊट’ म्हणजे शोधून काढणे, ‘पिक आऊट’ म्हणजे निवडून काढणे, ‘स्क्वीझ आऊट’ म्हणजे पिळून काढणे. आपले ‘काढणे’ तिथे बसले. एक पान ‘ऑन’चे. ‘गो ऑन रीडिंग’ म्हणजे वाचत राहा, ‘कीप ऑन वर्किंग’ म्हणजे काम करत राहा. तिथे ‘राहणे’ आले. एक पान ‘डाऊन’चे. ‘राइट डाऊन’ म्हणजे लिहून ठेवणे किंवा लिहून घेणे. ‘गिव्ह अप’ तर आपल्या ‘सोडून देणे’च्या फारच जवळ निघाले, कारण ‘देणे’ दोन्हीकडे आहे.

‘डाऊन’च्या पानावर एका मुलाच्या अब्बूंचाही हात लागला. ते इथल्याच एका कारखान्यात पाळीने काम करतात. पाळी संपताना वहीत इंग्रजीत नोंद करावी लागते. ‘पंप बंद पडला’ आणि ‘पंप बंद केला’ यांत केवढे अंतर आहे! पहिल्यात यंत्र आपोआप थांबले, म्हणजे बिघाड आहे. दुसऱ्यात माणसाने ते ठरवून थांबवले. ‘पंप क्लोज्ड’ लिहिले तर पुढच्या पाळीला यातले काहीच समजत नाही. पहिले ‘ब्रोक डाऊन’, दुसरे ‘शट डाऊन’. ब्रेकडाऊन आणि शटडाऊन हे शब्द तर पावण्यात लहान मुलालाही ठाऊक आहेत. पाणी-वीज गेली की तेच ऐकू येतात. पण ते नाव म्हणून ठाऊक आहेत, क्रियापद म्हणून वापरायची सवय नाही. तसेच ‘टर्न डाऊन’ आणि ‘टर्न ऑफ’. स्वयंपाकघरात आपण म्हणतो, गॅस बारीक कर आणि गॅस बंद कर. तिथे चूक झाली तर फार तर भाजी करपेल. कारखान्यात वाफेच्या किंवा रसायनाच्या नळीपाशी हा फरक कळला नाही तर जिवावर बेतू शकते. त्या घरात आता बाप-लेक एकाच वहीत लिहितात.

हा मेळ प्रत्येक ठिकाणी बसत नाही, हेही मुलांना सांगावे लागते. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कुठल्याही शेपटावरून ओळखता येणार नाही. ते वाक्यासकट लक्षात ठेवावे लागते. शिवाय जागेचा नियम आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालते, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालते. पण ‘मीटिंग’च्या जागी ‘इट’ आले की ते मधेच बसवायचे, ‘पुट इट ऑफ’. मधे शब्द घालणे आपल्याला नवे नाही. ‘देऊन टाक’ म्हणता म्हणता आपण ‘देऊनच टाक’, ‘देऊन तरी टाक’ म्हणतोच. मात्र ‘लुक आफ्टर’सारखी काही जोडपी मधे कोणाला येऊ देत नाहीत. आईला सांभाळ म्हणायचे तर ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते.

उलट काही ठिकाणी आपली बोली पुढे आहे. ‘विसरून गेले’ आणि ‘विसरून बसले’ यांतला फरक एका इंग्रजी शेपटाने सांगता येत नाही. ‘बोलून गेला’, ‘बोलून बसला’, उर्दूतले ‘कर बैठा’ यांत जो पस्तावा आहे तो इंग्रजीत वेगळ्या शब्दांनी सांगावा लागतो. हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे उजळतात. आपल्या घरच्या भाषेत असे काही आहे जे इंग्रजीत सहज मावत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आणि ही रीत फक्त आपली किंवा इंग्रजांची नाही. अरबीत रगिबा या क्रियापदापुढे ‘फी’ आले तर ओढ असणे, ‘अन’ आले तर तोंड फिरवणे, असा थेट उलटा अर्थ होतो. निकाहच्या खुतब्यात सुन्नतीकडे पाठ फिरवणाऱ्याचा जो उल्लेख आपण ऐकतो, तिथे हेच ‘अन’ असते. संस्कृतात तुकडा पुढे लागतो. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, सारे एकाच धातूचे. तिकडे युरोपात हंगेरीची भाषा इंग्रजीच्या कुळातली नाही, तरी तीही क्रियापदाला असे तुकडे जोडते. ‘मेन्नी’ म्हणजे जाणे, ‘किमेन्नी’ बाहेर जाणे, ‘बेमेन्नी’ आत जाणे, ‘फेलमेन्नी’ वर जाणे. हंगेरियन मुलालाही इंग्रजीची शेपटे पाठ करताना घाम फुटत असेल, पण क्रियापदाला काहीतरी चिकटते हे त्याला नवे नसते. आपल्या मुलांनाही ते नवे नाही. त्यांना ते फक्त दाखवून द्यावे लागते.

म्हणून भगिनींनो, एक विनंती. मुलाच्या इंग्रजी वहीपासून उठून जाऊ नका. रोज एकच जोडी घ्या. मुलाला तिचा अर्थ वाक्यात सांगायला लावा आणि मग आपण ते घरात कसे म्हणतो, हे तुम्ही त्याला सांगा. कोकणीत, दखनीत, जशी तुमची बोली असेल तशी. तो म्हणेल ‘क्लीन अप’, तुम्ही म्हणाल ‘पुसून टाक’. कधी जोडी जुळेल, कधी जुळणार नाही. जुळली नाही तर का जुळली नाही यावर दोघांनी बोलावे. व्याकरणाचा निम्मा अभ्यास त्यातच होतो. वडिलांना वेळ असेल तर कारखान्यातले, गाडीवरचे, दुकानातले शब्द त्यांनी आणावेत.

त्या नववीतल्या मुलीच्या वहीत आता प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अम्मीचे. गेल्या आठवड्यात ‘पुट बाय’ हा शब्द आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही. “टीचर, हा मी घरी विचारून येते,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी उजव्या रकान्यात लिहून आणले होते: “बाजूला काढून ठेवणे. अम्मी दर महिन्याला डब्यात ठेवते तसे.”